बायपासपूर्वी घराण्याच्या आजारांचा इतिहास विचारला जावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी माझ्या दोन्ही थोरल्या भावांची बायपास शस्त्रक्रिया सहा महिन्यांच्या अंतराने झाली. दोघेही भवानी पेठेतल्या एकाच घरात, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेले; दोघांनाही कसले व्यसन नाही. दादा आठव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी आले. अण्णांच्या हृदयाचे ठोके मात्र तिसऱ्या दिवशी एकाएकी अनियमित झाले आणि त्यांना पुन्हा आयसीयूत हलवावे लागले. भेटायला येणाऱ्या काही आप्तांनी 'पथ्य पाळलं नसेल' असा निष्कर्ष काढला. त्या बोलण्याने अण्णा आजारापेक्षा अधिक खचले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ठोके असे बिघडण्याला डॉक्टर एट्रिअल फिब्रिलेशन म्हणतात. बायपासनंतर शंभरातील साधारण वीस ते चाळीस रुग्णांना हा त्रास होतो, तोही बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. वाढते वय हे त्याचे मोठे कारण आहेच. पण 2007 साली आइसलँडमधील संशोधकांनी चौथ्या गुणसूत्रावरील पिटएक्स 2 या जनुकाजवळचे काही फरक या विकाराशी निगडित असल्याचे दाखवले. गर्भात हृदयाच्या डाव्या बाजूची घडण होताना हे जनुक काम करते. पुढे बायपास झालेल्या रुग्णांतही याच फरकांचा संबंध आढळला. सख्ख्या भावांची जनुके सरासरीने निम्मीच सारखी असतात, त्यामुळे एकाच ताटात जेवलेल्या दोघांची शरीरे एकाच शस्त्रक्रियेला वेगवेगळी सामोरी गेली, यात पथ्याचा दोष शोधणे अन्यायाचे आहे.

औषधांचेही तसेच आहे. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला रक्तातील गुठळ्या रोखणारे क्लोपिडोग्रेल देतात. ही गोळी पोटात गेली की लगेच काम करू लागत नाही. यकृतातील एका विकराने (एन्झाइमने) तिचे रूपांतर केल्यावरच ती प्रभावी होते. ज्यांच्यात हा विकर जन्मतःच मंद आहे त्यांना तीच मात्रा अपुरी पडू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2010 साली या गोळीवर तशी ठळक सूचना छापायला लावली. मंद विकराचा हा फरक युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा आपल्याकडे अधिक आढळतो, हे आपण विशेष लक्षात घ्यायला हवे.

तथापि या माहितीचा बाजार होऊ नये, असे मला तितक्याच कळकळीने वाटते. बायपासनंतर स्मरणशक्ती मंदावण्याचा संबंध एपीओई या जनुकाशी असल्याचे 1997 साली मांडले गेले होते, पण पुढच्या अभ्यासांत त्याला सातत्याने दुजोरा मिळाला नाही. एकेका फरकाचा परिणाम लहान असतो. वय, मधुमेह, मूत्रपिंडांची स्थिती आणि हृदयाची ताकद यांचे वजन आजही मोठे आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चानेच मेटाकुटीला आलेल्या विडी कामगाराच्या वा विणकराच्या कुटुंबाला महागड्या जनुक चाचण्यांच्या मागे लावणे योग्य नव्हे.

मात्र जे विनाखर्च होऊ शकते, तेही होत नाही. आमची आत्या ठोके अनियमित होऊन पक्षाघाताने गेली, हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते. अण्णांना दाखल करताना ते कोणी विचारले नाही आणि आम्हालाही सांगावेसे वाटले नाही. सांगितले असते तर त्रास टळलाच असता, असा माझा दावा नाही. पण बीटा ब्लॉकर गटातील औषधांनी या विकाराचा धोका कमी होतो, म्हणून डॉक्टरांना आधीच अधिक सावध राहता आले असते.

आपल्या सोलापुरात तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आली आहेत आणि सोयरिकी बहुतांशी आपापल्या समाजातच होतात. अशा समाजांत एखादा जनुकीय फरक टिकून राहतो. आर्य वैश्य समाजातील काहींमध्ये एका विकराच्या अभावामुळे भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सक्सिनिलकोलिन या औषधाचा काही मिनिटांत उतरणारा परिणाम कित्येक तास टिकतो आणि तोवर श्वासासाठी यंत्राचा आधार लागतो. जाणते भूलतज्ज्ञ म्हणूनच, शस्त्रक्रिया कोणतीही असो, याची आधी चौकशी करतात. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हृदयाचे स्नायू दुर्बळ करू शकणारा एक फरक सुमारे चार टक्के भारतीयांत आहे. परदेशी अभ्यासांवर विसंबून असे फरक कळणार नाहीत.

शहरातील सरकारी आणि खासगी रुग्णालयांना माझी विनंती आहे की, बायपाससाठी दाखल करताना चारही भाषांत छापलेले एक पान कुटुंबाकडून भरून घ्यावे. रक्ताच्या नात्यात कोणाचे ठोके अनियमित होते का, कोणी तरुणपणी अचानक गेले का, भूल उतरायला कोणाला विलंब झाला का आणि कोणते औषध कोणाला लागू पडले नाही, एवढे चार प्रश्न त्यात असावेत. ते घरातील वडीलधाऱ्या बायकांना आवर्जून विचारावेत, कारण माहेरची आणि सासरची आजारपणे त्यांनाच ठाऊक असतात.

आपला विश्वासू,
एक वाचक, भवानी पेठ, सोलापूर