नको असलेले ईमेल बंद करण्याबाबत सूचना

सभासदांनो, नमस्कार. सीताबर्डीच्या बाजारात दुकानात बिल करताना दिलेल्या ईमेलवर जाहिराती येतच राहतात. नुसतं डिलीट करून त्या थांबत नाहीत, कारण दुकानाच्या यादीत तुमचा पत्ता तसाच असतो.

जीमेलमध्ये मेल उघडा, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ 'अनसबस्क्राइब' दाबा. तिथे नसेल तर मेलच्या तळाशी बारीक अक्षरात बघा. नंतर पुन्हा विचारतात, तिथेही होकार द्या. बरेच जण इथेच अडतात. बंद व्हायला काही दिवस लागतात.

अनोळखी मेलमधली लिंक मात्र मुळीच दाबू नका! दाबली की तुमचा ईमेल पत्ता चालू आहे हे पाठवणाऱ्याला कळतं. असा मेल सरळ स्पॅममध्ये, म्हणजे नको असलेल्या मेलच्या कप्प्यात टाका. पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर ती फसवणूकच समजा.

आपल्या मंडळाचा मेल स्पॅममध्ये गेला असेल तर 30 दिवसांच्या आत बाहेर काढा, पुढे तो आपोआप पुसला जातो. अडलं तर रविवारच्या बैठकीला फोन घेऊन या.