'भूमिका'नंतर 'उंबरठा' नको, 'मंथन' लावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

स्मिता पाटील यांचा 'भूमिका' पाहून झाला, आता पुढचा कोणता, यावरून आपल्या पत्रसदरात गेले काही दिवस चांगलीच जुंपली आहे. एक गट 'उंबरठा'वर अडून बसलाय, दुसरा 'मिर्च मसाला'शिवाय काही ऐकून घेत नाही आणि मधूनच कुणीतरी 'अर्थ'चं नाव पुढे सरकवतं. तिन्ही सिनेमे बघण्याजोगे आहेत, त्याबद्दल भांडण नाही. पण 'भूमिका'च्या पाठोपाठ लगेच यांतला एकही लावू नये. निदान कोल्हापूर जिल्ह्यात तरी पुढचा नंबर 'मंथन'चा.

आधी 'उंबरठा' का नको ते सांगतो. 'भूमिका'तली उषा घर सोडते, परत येते, दुसरं घर धरते, तेही सुटतं. तिचं सगळं आतड्यातून चाललेलं असतं. 'उंबरठा'तली सुलभा शिकलेली, वकिलाची बायको. ती विचार करून, आधी घरच्यांना सांगून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाते. दोन्ही गोष्टींत बाई दाराबाहेर पडते, त्यामुळे एकापाठोपाठ एक बघितले की नकळत तुलना सुरू होते आणि तीत सुलभावर अन्याय होतो. ती थंड वाटते, कोरडी वाटते. खरं तर तो कोरडेपणा स्मिता पाटीलांनी मोजूनमापून आणलाय: आवाज खालच्या पट्टीत, हात कामापुरते हलणारे, रडू आलं तरी मान ताठ. 'भूमिका'चा आवेग डोळ्यांसमोर ताजा असताना हे दिसत नाही. मध्ये एक वेगळ्या मातीतला सिनेमा हवा.

'मिर्च मसाला'चं उलट. तो मुद्दाम चढ्या आवाजातला सिनेमा आहे. लालभडक मिरच्यांचे ढीग, सुभेदाराचा घोडा, कारखान्याचा बंद दरवाजा, सगळं ठसठशीत. मिरची कांडपासमोर एकदा जरी नाक धरून उभा राहिलेला माणूस त्यातली मिरची डोळ्यांनी नव्हे, घशानेच बघतो. संकेश्वरी आणि ब्याडगीच्या मुलखात तो सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. पण तो आधी बघितला, की नंतरचे शांत सिनेमे अळणी लागतात. त्याला शेवटी ठेवा. आणि तो त्यांचा 'शेवटचा सिनेमा' म्हणून बघा, असं एका पत्रात आलंय, ते तितकंसं बरोबर नाही. स्मिता पाटील गेल्या १३ डिसेंबर १९८६ रोजी. 'मिर्च मसाला' १९८७ साली लागला, पण त्यांच्या पश्चात लागलेला तो एकटाच सिनेमा नव्हे.

'अर्थ'बद्दल दोनच ओळी. सिनेमा उत्तम, पण तो शबाना आझमींचा आहे. स्मिता पाटीलांसाठी म्हणून कुणाला 'अर्थ'ला बसवलं, तर तो माणूस शबानांचा चाहता होऊन उठेल. त्यात गैर काही नाही, फक्त आपला विषय तो नव्हता.

आता 'मंथन'. श्याम बेनेगल यांचा हा १९७६ चा सिनेमा गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून काढला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पटकथा विजय तेंडुलकरांची. पण कोल्हापुरात तो लावायचं कारण वेगळं आहे. सकाळी किटली घेऊन डेअरीला दूध घालायला जाणारं गाव, फॅट कमी लागली म्हणून कपाळाला पडणारी आठी, सोसायटीच्या चेअरमनपदावरून फुटणाऱ्या भावक्या, हे सगळं इथल्या प्रेक्षकाला तोंडपाठ आहे. गोकुळची, म्हणजे आपल्या जिल्हा दूध संघाची, स्थापना १९६३ ची. म्हणजे 'मंथन' पडद्यावर आला तेव्हा इथल्या कित्येक घरांत दुधाच्या बिलावर हिशेब चालू झाले होते. खासगी डेअरीवाला मिश्रा आणि नव्या सोसायटीचा डॉक्टर राव यांच्यातली रस्सीखेच दिल्ली-मुंबईच्या माणसाला गोष्ट वाटते. इथला माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो.

अशा ओळखीच्या जागेत स्मिता पाटीलांची बिंदू बघायची असते. भूमिका 'भूमिका'तल्यापेक्षा लहान. गाणी-नाच नाहीत, मेकअप जवळजवळ नाहीच. शहरातून आलेल्या डॉक्टरकडे ती आधी संशयाने बघते, मग कुतूहलाने, मग अशा नजरेने की जिला नाव द्यायला सिनेमाही कचरतो. बसण्याची ढब, डोक्यावरून ओढणी सरकली की न बघता ती वर घेणारा हात, उत्तर द्यायच्या आधी क्षणभर बाजूला वळणारी मान, एवढ्या भांडवलावर ती बाई उभी आहे. 'भूमिका'त नटीचं काम करणारी बाई बघून झाल्यावर ही नटी कुठे दिसतच नाही. त्यासाठीच हा दुसरा.

दुसरं कारण छपाईचं, म्हणजे प्रतीचं. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने 'मंथन' फोर-के दर्जात दुरुस्त करून घेतला, मे २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि १ व २ जूनला आपल्याकडच्या थिएटरांतही लागला. बाकीच्या सिनेमांच्या फिरत्या प्रती मात्र कशाही आहेत, आणि पत्रलेखकांपैकी निम्म्यांचं 'सिनेमा कंटाळवाणा वाटला' हे प्रतीमुळे झालेलं असण्याची शक्यता दाट आहे.

म्हणून कुठलीही प्रत लावण्याआधी तिची पाच मिनिटं तपासणी करा. सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट काही सेकंद दिसतं, तिथे थांबवा. त्यावर लांबी मीटरमध्ये असते. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर पळते, तेव्हा मीटरच्या आकड्याला २७.४ ने भागा, मिनिटं मिळतील. 'भूमिका' १४२ मिनिटांचा आहे. तुमच्या प्रतीत तो १३६ मिनिटांत संपत असेल तर घाबरू नका, काही कापलेलं नाही. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा टीव्हीसाठी २५ च्या वेगाने उतरवला की वेळ चार टक्क्यांनी आटते आणि आवाज किंचित चढा लागतो. पण १३० किंवा त्याखाली आला, तर गाणं किंवा प्रसंग उडालाय हे नक्की. 'जैत रे जैत'मध्ये याची फार काळजी घ्यावी लागते. ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथांचं संगीत म्हणजे त्या सिनेमाचा कणा. त्यातलं एखादं गाणं कुणी वेळ वाचवायला छाटलं असेल, तर चिंधी आणि नाग्याची गोष्ट मध्येच लंगडी पडते.

वेगाचा हाच घोळ सबटायटल्समध्ये दिसतो. ओळी सुरुवातीपासून सारख्याच दोन-तीन सेकंदांनी मागेपुढे असतील तर प्लेअरमध्ये तेवढा फरक टाकला की काम झालं. पण तासाभरात फरक वाढत वाढत अडीच मिनिटांच्या घरात गेला, तर ती फाइल २५ च्या वेगाची आणि सिनेमा २४ चा, किंवा उलट. कितीही मागेपुढे करा, जुळणार नाही. दुसरी फाइल घ्या. मृणाल सेन यांच्या 'अकालेर संधाने'ला हे आधीच बघून ठेवा, कारण तो बंगाली आहे. १९४३ च्या दुष्काळावर सिनेमा काढायला खेड्यात गेलेलं युनिट, आणि त्यात स्मिता पाटील स्वतःच्याच नावाने नटी म्हणून. 'भूमिका'ची खरी जोडी जमते ती या सिनेमाशी, पण मराठी प्रेक्षक तिथपर्यंत क्वचित पोचतो.

'भूमिका' पुन्हा बघणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यातल्या सुरुवातीच्या आठवणी कृष्णधवल आहेत, चालू काळ रंगीत. टीव्हीवर पिक्चर मोड 'व्हिव्हिड' असेल तर कृष्णधवल भागावर निळसर झाक चढते आणि दोन काळांतला फरक बटबटीत होतो. 'सिनेमा' मोड लावा. आणि एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिलंय की 'भूमिका' हा अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'वरून घेतला आहे. तसं नाही. 'बुगडी माझी सांडली गं' वाला तो तमाशापट १९५९ चा, जयश्री गडकरांचा. त्यात हंसा वाडकरही होत्या. पुढे हंसाबाईंनी आत्मचरित्राला तेच नाव दिलं आणि 'भूमिका' त्या आत्मचरित्रावर आधारलेला आहे. त्याच सिनेमासाठी स्मिता पाटीलांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, दुसरा 'चक्र'साठी.

'उंबरठा' तिसऱ्या आठवड्याला घ्या, आणि मराठीच घ्या. त्याची हिंदी आवृत्ती 'सुबह' नावाने आहे, ती वाईट नाही, पण सुरेश भटांची 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' जिथे येते तिथे ती मराठीतच यायला हवी. शांता निसळ यांची 'बेघर' कादंबरी वाचलेली असेल तर उत्तमच, नसेल तर सिनेमानंतर वाचा. हाताशी संध्याकाळ छोटी असेल त्या दिवशी सत्यजित राय यांचा 'सद्गती' लावा. दूरदर्शनसाठी केलेला, तासाच्या आत संपतो. ओम पुरींची बायको झालेल्या स्मिता पाटीलांना त्यात संवाद मोजके आहेत. 'नमक हलाल' आणि 'शक्ती' कधीही बघा, त्यांना क्रम लागत नाही.

तालमीत, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा वाचनालयात पन्नासएक जणांसाठी खेळ लावायचा विचार काहींनी मांडलाय, तो चांगला आहे. मात्र घरची डीव्हीडी किंवा ॲपचं सबस्क्रिप्शन म्हणजे जाहीर खेळाचा परवाना नव्हे, तिकीट लावलं नाही तरीही. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. 'मिर्च मसाला'ची निर्मिती एनएफडीसीची, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, त्यामुळे तिथे विचारायचं कुणाला हे तरी स्पष्ट आहे. स्पीकर प्रोजेक्टरजवळ मागे ठेवू नका. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा आणि बेस उतरवा. या सिनेमांतले संवाद हळू बोललेले आहेत, बेस वाढवला की हॉलमधल्या पंख्यांच्या घरघरीत ते बुडतात.

पडदा सोळास नऊ मापाचा आणि ८ फूट रुंद असेल तर उंची साडेचार फूट येते. शेवटची रांग उंचीच्या सहापटीपलीकडे, म्हणजे २७ फुटांच्या मागे नको. जुन्या सिनेमांच्या बऱ्याच प्रती चारास तीन मापाच्या असतात. त्या या पडद्यावर ६ फूट रुंद दिसतात आणि दोन्हीकडे फूटफूटभर काळी पट्टी उरते. ती तशीच राहू द्या. 'फुल' दाबलं की चित्र आडवं एक तृतीयांशाने ताणलं जातं. घागरीचं तोंड, कपाळावरचं कुंकू, गाडीचं चाक असं काही गोल बघा, ते आडवं पडलेलं अंडं दिसेल. 'झूम' केलं तर गोल गोलच राहतं, पण वरून-खालून मिळून पाव चित्र जातं, आणि बिंदूच्या डोक्यावरची ओढणी त्या पाव भागातच असते. खेळ सुरू झाल्यावर पाच मिनिटांत कुणीतरी 'पडदा अर्धा रिकामाच आहे की' म्हणत रिमोटकडे हात नेणारच. त्याला खाली बसवा आणि रिमोट खिशात घाला.

आपले,
काही चित्रपटप्रेमी वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर