जुन्या ॲम्प्लिफायरांची सर्व्हिस मॅन्युअल जपणाऱ्यांना आभाराचं पत्र

सप्रेम नमस्कार,

जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरांची सर्व्हिस मॅन्युअल तुम्ही जपलीत, पिना काढून पानं सुटी केलीत, स्कॅन केलीत आणि ज्याला हवी त्याला मिळतील अशी ठेवलीत. फाइलीवर तुमचं नाव क्वचितच असतं. त्यामुळे आभार कुणाचे मानायचे ते कळत नाही आणि मानायचे राहून जातात. म्हणून हे उघडं पत्र, १९६० ते १९८० च्या दशकांतले ॲम्प दुरुस्त करणाऱ्या आम्हां सगळ्यांच्या वतीनं. जरा तपशिलात लिहितो, कारण तुमच्या एकेका पानामुळे दुरुस्तीच्या टेबलावर काय वाचतं, हे स्कॅनरपाशी बसलेल्या माणसाला दिसत नाही.

सगळ्यात आधी त्या घडीच्या मोठ्या पानाबद्दल, ज्यावर पूर्ण सर्किट असतं. घाईत केलेल्या स्कॅनमध्ये पहिल्यांदा दशांशाचा ठिपका जातो. ठिपका गेला की ४.७ किलोओहमचा रेझिस्टर ४७ चा दिसतो. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ४७ ओहम कुणी लावणार नाही, तिथे ०.४७ च असणार, हे सरावानं कळतं. पण फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग इनपुटकडे परत नेणाऱ्या, भागात २.२ की २२ हे अंदाजानं ठरवता येत नाही, आणि मूळ रेझिस्टर जळून काळा पडलेला असला की रंगपट्टेही मदतीला येत नाहीत. तुम्ही ६०० डीपीआयला स्कॅन केलंत आणि घडीच्या दोन्ही बाजूंचे तुकडे बोटभर एकमेकांवर येतील असे घेतलेत. नेमका घडीच्या रेषेवरच एखादा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरनं फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर) किंवा टेस्ट पॉइंट छापलेला असतो, म्हणून हे बोटभर कागद फार मोलाचे. ज्या मॅन्युअलमध्ये पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह रेल, म्हणजे सप्लायच्या मुख्य ओळी, वेगवेगळ्या रंगांत छापली आहे, ती रंगीतच स्कॅन केलीत याबद्दल तर विशेष आभार. कृष्णधवल प्रतीत त्या रेषा एकमेकींत हरवतात.

त्याच पानावर ट्रान्झिस्टरच्या पायांपाशी बारीक आकड्यांत डीसी व्होल्टेज दिलेले असतात. बंद पडलेला चॅनेल हुडकताना आमचं निम्मं काम या आकड्यांवर चालतं. एक उदाहरण देतो. ॲम्प चालू केला, पण स्पीकर जोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) 'टक्' करत नाही. रिले खराब, असं समजून लोक आधी रिले बदलतात. मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला आणि लाल प्रोब रिलेच्या अलीकडे, ॲम्पच्या बाजूला लावा. तिथे दोन्ही चॅनेलवर ५० मिलिव्होल्टच्या आत डीसी असेल तर दोष प्रोटेक्शन सर्किटमध्ये, बहुतेक वेळा तिथल्या छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये. एका चॅनेलवर ३०-४० व्होल्ट असतील तर रिले आपलं काम चोख करतो आहे, तो स्पीकर वाचवतो आहे. त्याला बायपास करून बघणाऱ्यांचे वूफर जळतात.

इथून पुढे तुमचे आकडे लागतात. डायरेक्ट कपल्ड ॲम्पमध्ये, म्हणजे जिथे टप्पे मधे कपॅसिटर न घालता थेट जोडलेले असतात, फीडबॅकमुळे एक टप्पा बिघडला की सगळेच व्होल्टेज बिघडतात. म्हणून नुसतं 'कुठे आकडा जुळत नाही' असं बघून उपयोग नाही, कुठेच जुळत नाही. आधी पॉवर बंद ठेवून आउटपुट आणि ड्रायव्हर ट्रान्झिस्टर शॉर्ट आहेत का, एमिटर रेझिस्टर ओपन आहेत का, ते बघायचं. ते ठीक असतील तर सिरीज बोर्डवर (ॲम्पच्या वाटेत बल्ब जोडलेल्या बोर्डवर) सुरू करून एकेका टप्प्याला विचारायचं, की आउटपुट वर गेलंय, मग तू ते खाली ओढायचा प्रयत्न करतोयस का? इनपुटची डिफरन्शियल जोडी (इनपुट आणि फीडबॅकची तुलना करणारे दोन ट्रान्झिस्टर) ओढत असेल आणि तिच्यानंतरचा टप्पा ऐकत नसेल, तर गुन्हेगार तिथे सापडतो. मॅन्युअलचा आकडा आणि चालू चॅनेलवरचं माप शेजारी असेल तर हे काम लवकर उरकतं. दोन्ही चॅनेल गेलेले असतील तर आधाराला फक्त तुमचं पान उरतं.

आता बायसच्या, म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहत ठेवायच्या करंटच्या, पानाबद्दल, कारण सर्वाधिक ॲम्प तिथेच वाचतात किंवा मरतात. मॅन्युअल म्हणतं, अमुक दोन टेस्ट पॉइंटमध्ये २० मिलिव्होल्ट ठेवा. ते दोन पॉइंट एका एमिटर रेझिस्टरच्या टोकांवर आहेत, की एका एमिटरपासून दुसऱ्या एमिटरपर्यंत, म्हणजे दोन रेझिस्टर मिळून? रेझिस्टर ०.४७ ओहमचे असले तर दोघांवर मिळून २० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण २१ मिलिॲम्पिअर. तोच आकडा एकाच रेझिस्टरवर लावला तर ४२ पेक्षा जास्त. अधिक-उणे ४५ व्होल्टच्या रेलवर पहिल्या हिशोबानं आउटपुटची जोडी १.९ वॉट उष्णता टाकते, दुसऱ्यानं ३.८. ॲम्प लगेच मरत नाही, म्हणून चूक कळतही नाही. हीटसिंक नेहमीपेक्षा गरम राहतो आणि शेजारचे कपॅसिटर सुकत जातात. जास्त बायस म्हणजे जास्त गोड आवाज, ही समजूत क्लास एबी सर्किटला लागू नाही. कमी ठेवला तर क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (एक ट्रान्झिस्टर दुसऱ्याकडे काम सोपवताना होणारी आवाजाची विकृती) वाढतं, गरजेपेक्षा जास्त ठेवला तर डिस्टॉर्शन दुसऱ्या वाटेनं परत येतं. डिझायनरनं ठरवलेला आकडा विचारपूर्वक ठरवलेला असतो, आणि तो आमच्यापर्यंत पोचतो तो तुमच्यामुळे.

बायस लावायची पद्धतही त्याच पानावर असते. इनपुट काढलेलं, व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकर सुटे, प्रीसेट आधी कमीत कमी करंटच्या बाजूला. मग ॲम्प १०-१५ मिनिटं तापू द्यायचा, हळूहळू आकड्यावर आणायचा आणि झाकण ठेवून पुन्हा बघायचं. आम्ही यात एकाच गोष्टीची भर घालतो. प्रोब हातानं धरू नका, छोट्या क्लिप लावा. हात निसटून प्रोबनं बेस आणि कलेक्टर जोडले गेले की क्षणात अख्खा चॅनेल उडतो.

प्रत्येक ॲम्पची तऱ्हा वेगळी, हेही तुमच्याच फाइलींमुळे समोर राहतं. १९५९ च्या डायनॅको एसटी-७० मध्ये प्रत्येक चॅनेलच्या दोन ईएल-३४ व्हॉल्व्हना मिळून १५.६ ओहमचा एक कॅथोड रेझिस्टर आहे. त्यावर १.५६ व्होल्ट आले की दोघांत मिळून बरोबर १०० मिलिॲम्पिअर, हिशोब करायची गरजच ठेवलेली नाही. १९६७ च्या क्वाड ३०३ मध्ये आउटपुटला कपॅसिटर आहे, त्यामुळे स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी ऑफसेट, म्हणजे तिथे नको असलेलं डीसी व्होल्टेज, मोजत बसण्यात अर्थ नाही. तिथे आधी रेग्युलेटेड सप्लाय ६७ व्होल्टवर आणायचा आणि मग मधला बिंदू त्याच्या निम्म्यावर, ३३.५ वर. १९७५ च्या क्वाड ४०५ मध्ये तर करंट डंपिंग (छोटा अचूक ॲम्प मोठ्या आउटपुट ट्रान्झिस्टरांची चूक भरून काढतो अशी रचना) असल्यामुळे बायसचा प्रीसेटच नाही. मॅन्युअलमध्ये ते पान दिसत नाही म्हणून फाइल अपुरी आहे असं वाटेल, पण ती पूर्ण आहे. तीन ॲम्प आणि तीन वेगळ्या रीती. एकाची रीत दुसऱ्याला लावली की नुकसान ठरलेलं.

पार्ट्सची यादी स्कॅन करायला सगळ्यात कंटाळवाणी, हे आम्ही समजतो. पानंच्या पानं नुसते नंबर. पण तीच सर्वात जास्त वेळा उघडली जाते. १९७० च्या दशकातल्या जपानी ॲम्पमध्ये इनपुटला लावलेला २एसए७२६ ट्रान्झिस्टर वयोमानानं खरखरायला लागतो. त्याच्या जागी केएसए९९२ चालतो आणि पायांचा क्रमही तोच, एमिटर-कलेक्टर-बेस. २एन५४०१ चा क्रम मात्र एमिटर-बेस-कलेक्टर. तो तसाच बसवला तर बेस आणि कलेक्टरची अदलाबदल होते. डिफरन्शियल जोडीत दोन्ही ट्रान्झिस्टर एकदमच बदलावेत, गेन जुळवून, आणि एकमेकांना टेकवून बसवावेत, नाहीतर ऑफसेट तापमानाबरोबर सरकत राहतो.

आउटपुट ट्रान्झिस्टरच्या बाबतीत यादीचं महत्त्व आणखी. सँकेनचा २एससी२९२२ सुमारे ५० मेगाहर्ट्झपर्यंतचा वेगवान ट्रान्झिस्टर. त्याच्या जागी नुसते व्होल्ट आणि ॲम्पिअर बघून ४ मेगाहर्ट्झचा एमजे२११९४ लावला (केसचा आकार वेगळा, तरी लोक जुगाड करतात), तर फीडबॅकचा तोल बिघडून ॲम्प ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे ऐकू न येणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सीवर आपोआप घुमू शकतो. आवाज येत नसताना हीटसिंक तापतो आणि आउटपुटवरच्या झोबेल नेटवर्कचा (ॲम्प स्थिर ठेवणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीचा) १० ओहमचा रेझिस्टर करपतो. बाजारात बनावट २एससी२९२२ ही भरपूर आहेत. जुना बंद झालेला भाग संशय वाटेल इतका सहज आणि स्वस्त मिळाला, तर तो बसवू नये. आणि यादीत ज्या पार्टसमोर त्रिकोणात उद्गारचिन्ह आहे, तिथे सुरक्षेसाठी नेमून दिलेलाच प्रकार लावायचा. फ्यूजिबल रेझिस्टरच्या जागी साधा कार्बन लावला तर पुढच्या बिघाडात तो तुटण्याऐवजी पेट घेईल.

आता ज्यासाठी हे पत्र मुळात लिहावंसं वाटलं, ते सांगतो. काही फाइलींमध्ये समासात पेन्सिलीच्या नोंदी आहेत. कुण्या जुन्या मेकॅनिकनं सर्किटवर एखाद्या रेझिस्टरभोवती गोल काढून शेजारी बदललेली किंमत लिहिलेली. कुठे छापील व्होल्टेज खोडून प्रत्यक्ष मापलेलं व्होल्टेज. कुठे प्रीसेटशेजारी नुसता बाण आणि 'बदला' अशा अर्थाचा एकच शब्द. पान स्वच्छ दिसावं म्हणून तुम्ही त्या नोंदी पुसल्या नाहीत. फार चांगलं केलंत. मॅन्युअल लिहिलं गेलं ते कारखान्यातून नव्यानं निघालेल्या ॲम्पसाठी. पन्नास वर्षांनी त्याचं काय होतं हे त्या पेन्सिलीलाच माहीत आहे.

त्या बाणाचंच बघा. उघड्या कार्बन प्रीसेटच्या ट्रॅकवर ऑक्साइड चढतं आणि मधली पट्टी संपर्क सोडते. पुष्कळ सर्किटांत हा प्रीसेट अशा जागी असतो की संपर्क सुटताच बायस कमाल होतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. म्हणजे बायस लावायला बसलात आणि तो प्रीसेट फिरवलात, त्याच क्षणी धोका. आधी पॉवर बंद असताना प्रीसेट काढा, त्याचा रेझिस्टन्स मोजा, नवा सीलबंद सर्मेट प्रीसेट त्याच मापावर आणा आणि मगच बसवा.

मोठे कपॅसिटर जागेवर चिकटवायला वापरलेला पिवळट गोंद हेही तसंच प्रकरण. उष्णतेनं तो तपकिरी होतो, वीज वाहू लागतो आणि खाली दबलेल्या डायोड-रेझिस्टरचे पाय खातो. सान्सुई एयू-७१७ च्या मालकांना हे चांगलं माहीत असतं. प्लॅस्टिकच्या किंवा लाकडाच्या काडीनं खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा. ॲसिटोन नको, ते प्लॅस्टिक आणि छपाई दोन्ही विरघळवतं. ज्या पार्टचा पाय हिरवा किंवा काळा दिसेल तो मीटरवर ठीक आला तरी बदलायचा.

व्होल्टेज सिलेक्टरचं पान काही स्कॅनमध्ये 'बिनमहत्त्वाचं' म्हणून गाळलेलं आढळतं. तुम्ही ते ठेवलंत. केवळ जपानसाठी बनलेल्या कित्येक ॲम्पमध्ये ट्रान्सफॉर्मर फक्त १०० व्होल्टचा असतो, मागे सिलेक्टरची जागा कोरी. तो १२० व्होल्टवर लावला तर रेल वीस टक्क्यांनी चढते आणि फिल्टर कपॅसिटर आपल्या मर्यादेपाशी जातात. २३० वर लावला तर बोलायलाच नको. यासाठीच पहिली सुरुवात नेहमी सिरीज बोर्डवर करायची, ६० ते १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावून. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, लखलखीत पेटलेलाच राहिला तर लगेच बंद. बायस मात्र बल्ब काढल्यावर, पूर्ण व्होल्टेजवरच लावायचा.

परतफेड म्हणून आम्ही एवढं करायचं ठरवलं आहे. दुरुस्ती पूर्ण झाली की त्या मॉडेलचे प्रत्यक्ष मापलेले व्होल्टेज, मेन्सचं त्या वेळचं व्होल्टेज, सीरियल नंबरची मालिका आणि बदललेल्या पार्ट्सची यादी एका पानावर लिहून तुमच्या फाइलीला जोडायची. त्यातली मालिका फार कामाची, कारण एकाच मॉडेलचे आधीचे आणि नंतरचे बोर्ड वेगळे निघतात आणि छापील मॅन्युअल त्यांपैकी एकाचंच असतं.

एक विनंतीही आहे. तुमच्यापाशी अर्धवट मॅन्युअल पडली असतील, नुसती पार्ट्सची यादी किंवा एकच फाटकं बुलेटिन, तर पूर्ण मिळेपर्यंत थांबू नका. तसंच ठेवा. दुसरा अर्धा भाग दुसऱ्या कुणाकडे असतो.

आपले ऋणी,
जुने ॲम्प दुरुस्त करणारे आम्ही सगळे