आधी चाकोरी आखून द्या

माननीय वनमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

रानातल्या कच्च्या वाटांवर मोटारींना सरसकट बंदी घालायचा विचार आपल्या खात्यात चालू आहे, असे कानावर आले. मी त्या मोटारवाल्यांपैकी एक. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी पिकअप, मागे पाण्याचे कॅन, फावडे, टपावर तंबू. डांबर संपले की माझी सुट्टी सुरू होते. आता हा गळा काढणार, असे आपल्याला वाटले असेल. थोडा काढणार आहेच, पण त्याआधी एक कबुली देतो.

सहा वर्षांपूर्वी एका माळावर वाटेच्या मधोमध डबके लागले. पाणी फार तर गुडघाभर. अशा वेळी गाडीतून उतरायचे, काठीने खोली बघायची, तळ कडक असेल तर लो रेंज, म्हणजे जास्त जोराचा, हळू चालणारा गिअर टाकून सावकाश त्यातूनच पार व्हायचे आणि नसेल तर मागे फिरायचे, हे मला पाठ होते. नवख्यांना मीच शिकवत असे. पण संध्याकाळ झाली होती, बूट ओले करायचा कंटाळा आला. डावीकडून गवतावरून गाडी काढली. दोन मिनिटांचे काम.

पुढच्या वर्षी गेलो तर माझ्या त्या दोन मिनिटांची वाट झाली होती. तिच्यातही पाणी साचले होते, म्हणून कोणी तरी तिच्याही डावीकडून गेले होते, आणि त्याच्या मागचा त्याच्याही डावीकडून. एका गाडीपुरती वाट मी पावलांनी मोजली, तर तेहतीस पावले रुंद भरली. मधे गवताची काडी नव्हती. मूळ डबके मात्र होते तसेच होते, आणि त्याचा तळ चांगला मुरमाचा होता, हे मला त्या दिवशी काठी घातल्यावर कळले.

एवढे सांगायचे कारण असे की नुकसान नेमके कुठे होते, ते मी माझ्याच चाकाखाली पाहिले आहे. मऊ जमिनीवरून गाडी गेली की मातीच्या कणांमधली हवेची आणि पाण्याची जागा दबते. यातला बराचसा दाब पहिल्या काही फेऱ्यांतच बसतो. म्हणजे दबलेल्या, कोरड्या चाकोरीतून शंभरावी गाडी गेली तर ती जवळजवळ काही नवे बिघडवत नाही. कोऱ्या जमिनीवरून गेलेली पहिली गाडीच सगळ्यात जास्त बिघडवते. आपल्या भाषेत ‘चाकोरीबाहेरचा’ म्हटले की कौतुक असते. रानात त्याला दंड व्हायला हवा.

हे दंडाचे मी लाक्षणिक अर्थाने म्हणत नाही. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात १९४२ ते १९४४ या काळात रणगाड्यांचा सराव झाला. त्या पट्ट्यांच्या खुणा तिथल्या जमिनीवर अजूनही दिसतात. कोरड्या प्रदेशात मातीवर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीव मिळून एक काळपट पापुद्रा धरतात. धूळ आणि ओल तोच धरून ठेवतो. बुटाच्या एका ठशानेही तो मोडतो आणि पुन्हा धरायला वर्षे, कधी दशके लागतात. अशा ठिकाणी ‘जरा बाजूने काढतो’ म्हणणाऱ्याची गाडी जप्त झाली तरी मला वाईट वाटणार नाही.

मग सरसकट बंदीला विरोध का? कारण आडवा बार मीही पाहिला आहे. लोखंडी, कुलूपबंद, शेजारी पाटी. आणि त्याला वळसा घालून गवतातून गेलेल्या ताज्या चाकांच्या दोन रेघा. नियम पाळणारे बारापाशी थांबून परत जातात, न पाळणारे बाजूने नवी वाट पाडतात. जी चाकोरी आधीच दबलेली होती ती मोकळी राहते आणि कोरी जमीन तुडवली जाते. शिवाय वाटेवर चार डोळे असतात, तेही आपण घालवतो. पडलेले झाड, धुराची रेघ, कोणी टाकलेला कचरा, हे खात्याला कळवणारे बरेचदा आम्हीच असतो.

दुसऱ्यांनी काय केले ते आपल्या खात्यातल्या कोणाला तरी काढायला सांगा. अमेरिकेत १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला की सरकारी जमिनीवर अशा वाहनांसाठी कुठे खुले आणि कुठे बंद ते ठरवून द्या, आणि ठरवताना माती, पाणी, झाडोरा, वन्यजीव यांची हानी कमीत कमी होईल असे बघा. १९७७ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी भर घातली: गंभीर नुकसान दिसले तर तो भाग तिथल्या तिथे बंद करा. तरी कित्येक जंगलांत ‘पाटी नाही म्हणजे खुले’ असाच कारभार राहिला. तिथल्या वनखात्याच्या २००५ च्या नियमाने तो उलटा केला. नकाशावर दाखवलेली वाट खुली, बाकी सगळे बंद, आणि नकाशा फुकट. आदेशापासून नकाशापर्यंत तेहतीस वर्षे गेली. तेवढी आपण घेऊ नका एवढीच विनंती.

आइसलँडमध्ये तर रस्ता सोडून गाडी घालणे कायद्यानेच गुन्हा आहे. बर्फाने झाकलेल्या, गोठलेल्या जमिनीला तेवढी सूट. तिथले डोंगरी रस्ते बर्फ वितळून जमीन वाळेपर्यंत बंद असतात आणि मग एकेक करून उघडतात. ऑस्ट्रेलियात सिम्पसन वाळवंटातले उद्यान उन्हाळ्यात, १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत बंद राहते, कारण त्या उकाड्यात अडकलेला माणूस मरतो. अमेरिकेतल्या युटा राज्यातला व्हाइट रिम हा कच्चा रस्ता सुमारे १६० किलोमीटरचा. १९५० च्या दशकात युरेनियमसाठी काढलेला. आज तिथे गाडीला परवाना लागतो आणि मुक्कामाच्या जागा ठरलेल्या आहेत. तीनही ठिकाणी वाट आहे, पण ती कोणाला, कधी आणि कुठून, हे ठरलेले आहे.

आणि कोणाच्या परवानगीने, हेही. ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट हे आम्हा लोकांचे स्वप्न. सुमारे १,८५० किलोमीटर, गुरे हाकण्यासाठी आखलेला. आखणाऱ्यांनी पाणी शोधायला तिथल्या मूळ रहिवाशांना साखळ्या घालून सोबत नेले होते. १९०८ साली त्यावर चौकशी आयोग बसला. आज त्या वाटेने जायचे तर मूळ रहिवाशांच्या संस्थेचा परवाना काढावा लागतो. ‘मोकळे रान’ म्हणून आम्ही जिथे तंबू ठोकतो ते बहुतेकदा कोणाचे तरी अंगण असते. नकाशा आखताना त्यांना आधी विचारा, आम्हाला नंतर.

माझी मागणी मोठी नाही. दबलेल्या वाटांचा नकाशा करा. पाऊस पडला की वाट बंद, वाळली की चालू, आणि हे ठरवायचा अधिकार नाक्यावरच्या वनरक्षकाला द्या, कारण चिखल त्याला दिसतो, मंत्रालयाला नाही. दिवसाला किती गाड्या ते ठरवा. आमचा नंबर लागला नाही तर आम्ही कुरकुर करू, तिकडे लक्ष देऊ नका.

आणि नाक्यावर हवा भरायचा एक कंप्रेसर ठेवा. हे किरकोळ वाटेल, पण ऐका. रस्त्यावर माझ्या टायरमध्ये ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा असते. कच्च्या वाटेला लागताना व्हॉल्व्हची टोपी काढून, गेज लावून ती मी वाळूसाठी १८ पर्यंत, खडबडीत वाटेसाठी पंचविसाच्या आसपास उतरवतो. टायर खाली पसरतो, जमिनीवर टेकणारा भाग लांबतो, वजन जास्त जागेवर वाटले जाते. चाक जागच्या जागी फिरून खड्डा पाडत नाही. वेगही आपोआप कमी ठेवावा लागतो, त्यामुळे वाट पन्हाळी पत्र्यासारखी व्हायची थोडी लांबते. बरेच जण हवा उतरवत नाहीत, कारण परतताना भरायची कुठे हा प्रश्न असतो.

एक जाता जाता. जाहिरातीतली फोर बाय फोर नेहमी ओढ्यातून फवारे उडवत जाते. ओढ्याचे पात्र म्हणजे माशांच्या अंड्यांची जागा असते, आणि तसे पाणी उडवणाऱ्याच्या इंजिनात ते शिरून कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो तो वेगळाच. बंदीच घालायची हौस असेल तर त्या फवाऱ्यांवर घाला.

तो माळ अजून आहे. गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी बाजूच्या वाटांवर दगड आणि वाळकी खोडे आडवी टाकली; कडेला थोडे गवत धरले आहे, मधे अजून नाही. मूळ वाट डबक्यातूनच जाते. आपण पाहणीला येणार असाल तर मी घेऊन जाईन. फक्त बूट भिजले तरी चालतील असे घाला.

आपला,
एक पिकअपवाला