गाण्याखाली मराठी अक्षरे हवीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पहिली-दुसरीच्या पालकसभेत टीव्हीचा विषय निघाला की आम्ही शिक्षक एकच सांगतो, टीव्ही बंद ठेवा. पालक माना डोलावतात आणि घरी गेल्यावर टीव्ही लागतोच. त्यांना बोल लावून उपयोग नाही. आई रानातून किंवा कामावरून आलेली असते, भाकरी थापायच्या असतात आणि लहानग्याला गुंतवायला घरात दुसरे मोकळे माणूस नसते. पुष्कळ घरांत पाठ्यपुस्तके, दिनदर्शिका आणि लग्नपत्रिका यांच्यापलीकडे वाचण्याजोगा कागद नसतो, टीव्ही मात्र असतो. तो असणारच आहे, तर त्यावर मुलांना मराठी अक्षरे तरी दिसावीत, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मागणी साधी आहे. टीव्हीवर मराठी गाणे लागले की त्याचे शब्द त्याच क्षणी पडद्याच्या तळाशी मराठीतच उमटावेत आणि जो शब्द गायला जात आहे त्याचा रंग बदलत जावा. ही कल्पना माझी नाही. अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक राहिलेले ब्रिज कोठारी १९९६ पासून तिचा पाठपुरावा करत आले आहेत. १९९९ मध्ये गुजरात दूरदर्शनवरच्या चित्रपटगीतांखाली गुजराती अक्षरे आली, पुढे ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’च्या हिंदी गाण्यांखालीही आली. झी टॉकीजवर मराठी चित्रपटांना मराठी अक्षरे देण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. अडखळत वाचणाऱ्या प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली यंत्राने टिपून पाहिल्या तेव्हा दिसले की, कोणी ‘वाचा’ म्हटले नाही तरी नजर खालच्या ओळीकडे जाते आणि शब्दांमागून सरकत राहते. इतके हाताशी असताना आपल्याकडे हे अजून अपवादानेच का दिसते, हा माझा प्रश्न आहे.

गाणेच का, तर ते मुलाला आधीच पाठ असते. वाचायला शिकणारे मूल अक्षराला अक्षर जोडत शब्दाच्या शेवटाला पोहोचते, तोवर सुरुवात विसरलेले असते. पाठ असलेल्या गाण्यात पुढचा शब्द त्याच्या तोंडात तयार असतो, डोळ्यांनी फक्त तो ओळखायचा असतो. आणि तीच ओळ धृपदात पुन्हा येते, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागते. आमच्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या घरी गणपतीत टीव्हीवर आरती लावतात, तिचे शब्द खाली येतात. सुट्टीनंतर मी फळ्यावर ‘दर्शन’ लिहिले. रफार अजून शिकवलेला नव्हता, त्यामुळे कोणी ‘दशरन’ वाचले, कोणी ‘दशन’. ही उठून फळ्यापाशी आली, रफारावर बोट ठेवले आणि म्हणाली, “बाई, हा र आधी म्हणायचा. आरतीत येतो.” रफार डोक्यावर लिहायचा तो पुढच्या अक्षराच्या आणि उच्चारायचा त्याच्या आधी, हे पहिलीतल्या मुलाला समजावताना आमचा किती वेळ जातो ते शिकवणाऱ्यांना विचारा. पहिल्या वेलांटीचेही तसेच. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. कानावर पडणारा शब्द आणि डोळ्यांसमोरचा शब्द एकाच वेळी भेटले तर या अडचणी पुष्कळ हलक्या होतात.

याचा अर्थ तान्ह्या बाळालाही टीव्हीसमोर बसवा असा कोणी घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितके बरे. एवढी लहान मुले पडद्यावरच्या माणसापेक्षा समोरच्या माणसाकडून कितीतरी अधिक शिकतात. घास भरवताना टीव्ही लावण्याची सवय तर मोडलीच पाहिजे, कारण मूल तोंड उघडते, गिळते, पण त्या वेळात आई त्याच्याशी जे बोलली असती ते राहून जाते. कोणी पाहत नसताना नुसता चालू ठेवलेला टीव्हीही घरातले बोलणे कमी करतो. आणि बोलण्यातून मिळालेले शब्द गाठीशी नसतील तर पुढे मूल वाचणार काय?

अमेरिकेत १९६९ साली ‘सेसमी स्ट्रीट’ हा कार्यक्रम मुद्दाम शाळेत जाण्याआधीच्या मुलांसाठी सुरू झाला. त्याच्या सुरुवातीच्याच पाहणीत आढळले की ज्या मुलांच्या आया सोबत बसून पाहत आणि नंतर त्याविषयी बोलत, ती मुले अधिक शिकली. आपल्याकडे हे काम आजी-आजोबा उत्तम करू शकतात आणि त्यासाठी त्यांना स्वतःला वाचता आलेच पाहिजे असे नाही. “तो कुठं चाललाय रं? आता काय हुईल?” एवढे विचारणारी आजी मुलाला गोष्ट पुढे सांगायला लावते. तोच भाग मुलाला चार वेळा पाहायचा असेल तर पाहू द्यावा. पहिल्यांदा ते चित्रे पाहते, नंतर शब्द पकडते आणि मग पुढे काय येणार ते आपल्यालाच सांगू लागते.

आता वाहिन्यांविषयी. आमच्या शाळेतली मुले घरी मराठी बोलतात आणि कार्टून हिंदीत पाहतात. भांडताना त्यांच्या तोंडून हिंदी वाक्ये बाहेर पडतात. हिंदी येणे वाईट नाही, पण ज्या भाषेत त्यांना वाचायला शिकायचे आहे ती भाषा त्यांच्या आवडीच्या कार्यक्रमांत जवळपास नाहीच. पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ मध्ये मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करण्याकरिताच स्थापन झाली होती, ती २०१७ मध्ये बंद केली गेली. या निर्णयाचे मला आजही वाईट वाटते. टाळेबंदीत, २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. घरातली, परसातली माणसे आणि वस्तू घेऊन बालभारतीच्या पाठांवर बेतलेली ती मालिका होती. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्या मुलांपर्यंतही ती पोहोचली. म्हणजे मराठीत हे करता येते, करणारी माणसेही आहेत.

पडद्यावर अक्षरे द्यायची तर ती नीट द्यावीत. ठळक असावीत, गडद पट्टीवर असावीत, एका वेळी एक-दोन ओळींपेक्षा जास्त नसावीत आणि जाहिरातीने किंवा बातमीच्या पट्टीने झाकली जाऊ नयेत. मराठी शब्द रोमन लिपीत देण्याची जी टूम निघाली आहे ती लहान मुलांच्या बाबतीत घातक आहे. शुद्धलेखन तपासलेले असावे. वृत्तवाहिन्यांच्या पट्ट्यांवर ऱ्हस्व-दीर्घाची जी अवस्था असते ती पाहता हे आधीच सांगून ठेवलेले बरे. सातवीतले मूल चूक ओळखेल, पहिलीतले मूल ती चूकच शिकेल. खर्च म्हणाल तर गाणे एकदा टंकून जुळवले की ते पुढे कितीही वेळा दाखवता येते. शिवाय कर्णबधिर प्रेक्षकांसाठी कार्यक्रमांना अक्षरे देण्याची मानके केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ मध्येच घालून दिली आहेत. ती मनापासून पाळली तरी कर्णबधिरांचा हक्क त्यांना मिळेल आणि मुलांचेही काम होईल.

सह्याद्री वाहिनीला माझी विनंती आहे की सगळे एकदम जमणार नसेल तर गाण्यांच्या एका साप्ताहिक कार्यक्रमापासून आणि आषाढीच्या काळात दाखवल्या जाणाऱ्या अभंगांपासून सुरुवात करावी. अभंग घराघरांत पाठ असतात आणि ते लागले की मुलांबरोबर मोठी माणसेही टीव्हीसमोर बसतात. आपल्या वृत्तपत्रात कार्यक्रमांची माहिती येते, तिथे मराठी अक्षरांसह दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमापुढे एखादी खूण छापलीत तर ते पान मी वर्गात लावीन आणि पालकसभेत ‘टीव्ही बंद ठेवा’ऐवजी अमुक दिवशी अमुक वाजता लावा, असे सांगेन.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा