रन म्हणजे नुसतं धावणं नाही रे

रत्नागिरी

प्रिय मित्रा,

दोन महिने पत्र नाही म्हणून रागावू नकोस, आंब्याची गडबड होती. पण काल जे झालं ते तुलाच सांगायचंय, शाळेत असताना एकेका शब्दावरून तासन्‌तास भांडायला तूच असायचास.

भाचीने वहीत बाबांच्या होडीबद्दल लिहिलं, ‘दि इंजिन इज रनिंग’. त्यावर लाल रेघ आणि बाजूला शेरा, रन म्हणजे धावणे. पोरगी पडवीत बसून रडत होती. मला फार लागलं रे, कारण तिचं बरोबर होतं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात रन या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ दिलेत! जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाहणं असाही होता, म्हणून तर नळ रन होतो, सर्दीत नाक रन होतं, धुतलेल्या कपड्याचा रंग रन होतो, म्हणजे आपल्याकडे रंग जातो. दाभोळ-धोपावे फेरीबोट चालते ती रन, कुणी खानावळ चालवतं ते पण रन, बर्फ संपला की रन आऊट. आणि आपण जुनी गाडी घेताना पहिलं काय विचारतो, रनिंग किती झालंय?

मग मी तिला म्हटलं, बाय, आपलं ‘लागणं’ बघ. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फणस लागतो, पाऊस लागतो, एसटी फलाटाला लागते आणि तीच एसटी एखाद्याला लागते तेव्हा खिडकीतून उलटी. शब्द तोच, शेजारी कोण बसलंय त्यावर सगळं. हे पाठ करून येत नाही, वापरून वापरूनच येतं, आणि तिने ते वापरलं होतं, जेट्टीवर रोज ऐकते ते इंजिन तिने नीट सांगितलं होतं.

रडणं थांबलं, आजीला बोट लागते हे तिचं तिलाच सुचलं. मग एकदम म्हणाली, मामा, मिऱ्याला जहाज लागलं होतं ते? अरे, ३ जून २०२०, निसर्ग वादळात बसरा स्टार येऊन लागलं ते, आपण दोघं बघायला गेलेलो. मी सांगितलं, इंग्रजीत त्याला ‘रॅन अग्राउंड’ म्हणतात. आपलं लागणं आणि त्यांचं रन एकाच जहाजावर भेटलं बघ! ती कितीतरी वेळ गप्प बसली आणि मग वहीत दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली.

सोमवारी शाळेत जातोय, भांडायला नाही, बाईंना वही दाखवायला. तुला आणखी ‘लागणं’ आठवली तर लगेच कळव, तिने शेवटचं पान त्यासाठी रिकामं ठेवलंय.

तुझाच