नुसते 'हर्पिस' छापू नका

संपादक महोदय,

आरोग्यविषयक मजकुरात 'हर्पिस' हा शब्द बहुतेकदा एकटाच छापला जातो आणि वाचणाऱ्याच्या मनात लैंगिक आजारच येतो. मग निदानाच्या कागदावर 'हर्पिस झोस्टर' दिसले की नागीण झालेला माणूस लाजेने गप्प बसतो. त्या शब्दात लाजण्यासारखे काहीच नाही. ग्रीकमध्ये 'हेर्पो' म्हणजे सरपटणे. त्वचेवर पसरत जाणाऱ्या फोडांना जुने ग्रीक वैद्य हे नाव देत. विषाणूंचा शोध फार पुढचा. संस्कृतातला 'सृप्' धातू याच्याच कुळातला. 'सर्प' त्यातूनच आला आणि आयुर्वेदातला 'विसर्प' हा त्वचारोगही. आपल्या भाषेने 'नागीण' म्हटले, ते किती नेमके!

'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जापेशींत दडून राहतो आणि वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या मज्जातंतूवरून त्वचेपर्यंत येतो. हे तंतू डावे-उजवे वेगळे असतात, म्हणून फोड सहसा शरीराच्या मध्यरेषेशी थांबतात. विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, असे रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहिले होते. ही भीती अजून गेलेली नाही, आणि ती निराधार आहे.

खरा धोका उपचाराला उशीर होण्याचा आहे. फोड येण्याआधी १ ते ५ दिवस एकाच बाजूला आग होते, ठणकते. ते स्नायूचे दुखणे समजून अंगावर काढले जाते. अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू व्हायला हवे. प्रौढांची नेहमीची मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर ती कमी करतात. नुसते मलम लावून भागत नाही. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, कारण तोच मज्जातंतू डोळ्यालाही जातो. फोडांतल्या पाण्यातून दुसऱ्याला नागीण होत नाही. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात.

ओठांवर किंवा जननेंद्रियावर फोड आणणारा 'हर्पिस सिम्प्लेक्स' याच कुळातला, पण वेगळा विषाणू आहे. तेव्हा कृपया दर वेळी पूर्ण नाव छापावे, आणि 'हर्पिस झोस्टर'शेजारी 'नागीण' हा शब्द आवर्जून द्यावा.

— एक वाचक